हुबाशा की हबाशा?

मर्व शहरातल्या एका बैठकीत हिजरी सन ६१५ मध्ये, म्हणजे इसवी सन १२१८च्या सुमारास, वाद झाला. वाद एवढाच होता, की एका जागेच्या नावातल्या पहिल्या अक्षराला उकार द्यायचा की नाही.

मर्व आज तुर्कमेनिस्तानात आहे. तिथे आता मातीचे ढिगारे आणि पडक्या तटबंद्या दिसतात. त्या काळी मात्र ते खुरासान प्रांतातलं विद्येचं मोठं केंद्र होतं. बैठक भरली होती समआनी घराण्यातल्या एका विद्वानाकडे. हदीस, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांची वचनं आणि त्यांच्याविषयीच्या आठवणी, पिढ्यान् पिढ्या जपणारं आणि शिकवणारं हे घर. बैठकीला याकूत नावाचा एक परदेशी पुस्तकविक्रेता हजर होता. वय चाळिशीच्या आसपास. हदीसच्या ग्रंथांत एका जुन्या अरबी बाजाराचं नाव येतं, त्याचा उच्चार नेमका कसा, असं कुणीतरी त्याला विचारलं.

हा बाजार अरबस्तानातल्या तिहामा या किनारपट्टीच्या भागात भरत असे, इस्लामच्या आधीपासून. हजरत खदीजा यांचा व्यापारी माल घेऊन तरुण मुहम्मद (स.) या बाजाराला गेले होते, अशी एक जुनी परंपरा आहे. तेव्हा विवाह व्हायचा होता आणि प्रेषितत्व यायला तर बरीच वर्षं होती. म्हणजे नाव काही अगदीच आडबाजूचं नव्हतं. याकूतने ते हुबाशा असं सांगितलं. त्याला कारणही दिलं. अरबीत या शब्दाचा अर्थ वेगवेगळ्या टोळ्यांतून गोळा झालेला घोळका असा होतो, आणि बाजार म्हटला की घोळका आलाच.

समोर हदीसचा एक जाणकार बसला होता. त्याने हबाशा असा उच्चार धरला आणि काही केल्या सोडेना. पुरावा त्याच्याकडे नव्हता, पण आवाज होता. भर बैठकीत त्याने याकूतला खोटं पाडलं. याकूतकडेही त्या क्षणी तर्काशिवाय काही नव्हतं. पुस्तक उघडून बोट ठेवावं, तर कुठल्या पुस्तकात?

हा घोळ का होतो, हे रमजानच्या महिन्यात समजावून सांगणं सोपं आहे. या दिवसांत घरोघर कुराणाची पारायणं चाललेली असतात. कुराणाच्या छापील प्रतीत प्रत्येक अक्षराच्या वर किंवा खाली बारीक खुणा असतात. त्यांना जेर, जबर, पेश म्हणतात. आपल्या ऱ्हस्व इकार, अकार, उकाराचं काम त्या करतात. मदरशात जाणारी पाच-सहा वर्षांची पोरं पहिल्यांदा याच खुणा घोकतात. पण कुराण सोडलं, तर रोजच्या अरबी लिखाणात, पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत आणि बहुतेक ग्रंथांत या खुणा कुणी घालत नाही. वाचणाऱ्याने शब्द ओळखून उच्चार करायचा. ओळखीचा शब्द असला तर अडत नाही. परक्या मुलखातल्या गावाचं नाव आलं, की वाचणारा अंदाज बांधतो. त्यात नुक्त्यांची भर. बे, ते, से, नून आणि ये ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की सारखीच दिसतात, फरक फक्त नुक्त्यांचा. लेखनिकाने घाईत एक नुक्ता सोडला किंवा खालचा वर दिला, की गाव बदललं. या चुकीला अरबीत तसहीफ असा शब्दच आहे. मोडीतली जुनी कागदपत्रं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे दुखणं नवीन नाही. मोडीतही इकार-उकारांचं ऱ्हस्व-दीर्घ पाळलं जात नाही आणि अनोळखी गावाचं नाव आलं की जाणकारही थबकतो.

एका बाजाराच्या नावावरून एवढं रान कशाला उठवायचं, असं कुणाला वाटेल. पण त्या विद्वानांच्या दृष्टीने त्यात बरंच काही अडकलेलं होतं. हदीस खरी की खोटी हे ती कुणी कुणाकडून ऐकली यावरून ठरतं, आणि सांगणारी माणसं बहुतेक वेळा गावावरून ओळखली जातात. बुखाराचे ते बुखारी, तिरमिजचे ते तिरमिजी. गाव चुकलं तर माणूस चुकतो. माणूस चुकला, की एका विश्वासू माणसाची साक्ष भलत्याच्या नावावर जमा होते. दुसरं, एखादा मुलूख तह करून मिळाला की लढून, यावर तिथला सारा ठरत असे. तेव्हा नाव नक्की असणं ही काजीची आणि खजिनदाराचीही गरज होती.

याकूतने मग मर्वमधली पुस्तकं उपसायला सुरुवात केली. शब्दकोश झाले, हदीसमधल्या अवघड शब्दांवरचे ग्रंथ झाले. या शहरात पुस्तकांना तोटा नव्हता. तरी हवं ते सापडेना. शेवटी सापडलं तेव्हा वाद कधीच थंड झाला होता आणि त्याचं त्यात काही उरलं नव्हतं. उच्चार त्याचाच बरोबर निघाला. पण त्याच्या मनात वेगळंच काही घर करून बसलं. जगातल्या गावांची, डोंगरांची, नद्यांची नावं उच्चारासकट एका जागी सापडतील असा ग्रंथ कुणी केलेला नाही, तर तो करायला हवा. अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या, अल-बकरी नावाच्या विद्वानाने दीडएकशे वर्षांपूर्वी अशाच चुकणाऱ्या नावांवर एक ग्रंथ लिहिला होता. याकूतने त्याचं नाव ऐकलं होतं. शोध शोधूनही त्याला तो मिळाला नाही.

नावं नीट लावायला निघालेल्या या माणसाचं स्वतःचं नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं होतं. सन ११७९च्या आसपास तो रूममध्ये जन्मला. रूम म्हणजे त्या काळचं बायझंटाइन राज्य. लहानपणीच तो कैद होऊन बगदादच्या बाजारात आला आणि विकला गेला. आईबापांनी ठेवलेलं नाव इतिहासात कुठेही नाही. याकूत म्हणजे माणिक. गुलामांना रत्नांची आणि सुगंधी वस्तूंची नावं देण्याची त्या काळी रीतच होती. देवगिरीवर चालून आलेल्या मलिक काफूरच्या नावातला काफूर म्हणजे आपला कापूर. जंजिऱ्याच्या सिद्दी कासिमला मोगलांकडून याकूत खान हा किताब मिळाला, त्यातलाही याकूत हाच. बापाचं नाव ठाऊक नसलेल्या गुलामाला अब्दुल्लाहचा मुलगा म्हणत. अब्दुल्लाह म्हणजे अल्लाहचा बंदा. ते तर कुणालाही लागू पडतं. विकत घेणारा व्यापारी अस्कर हा मूळचा सीरियातल्या हमात शहराचा, म्हणून आडनाव हमवी. याकूत इब्न अब्दुल्लाह अर-रूमी अल-हमवी. एवढं लांबलचक नाव, आणि त्यात घरचं असं काही नाही.

अस्कर स्वतः धड लिहू-वाचू शकत नव्हता. व्यापार सोडला तर त्याला कशात गती नव्हती. हिशेब लिहायला घरचं माणूस हवं म्हणून त्याने पोराला शाळेत घातलं. हेतू स्वार्थाचा होता, पण त्या शाळेचे उपकार पुढच्या आठशे वर्षांतल्या इतिहासकारांवर आहेत. पोरगं अक्षराला आणि व्याकरणाला पक्कं निघालं. मोठं झाल्यावर मालक त्याला मालाबरोबर पाठवू लागला. कीश बेट, ओमान, सीरिया अशा फेऱ्या सुरू झाल्या. इराणच्या आखातातल्या या बेटाला इराणी लोक कीश म्हणत आणि अरब कैस. एकाच धक्क्यावर उतरणारे दोन खलाशी त्याच धक्क्याचं नाव दोन तऱ्हांनी घेतात, हे याकूतने विशीच्या आतच पाहिलं.

हिजरी ५९६ मध्ये, म्हणजे इसवी सन १२००च्या सुमारास, मालकाशी काहीतरी बिनसलं. अस्करने त्याला गुलामीतून मुक्त केलं आणि घराबाहेरही काढलं. स्वातंत्र्य मिळालं, पण पोटाचं काय? छपाईच्या आधीच्या त्या जगात ग्रंथांच्या नकला करून देणं हा धंदा होता. याकूत मजुरीवर नकला करू लागला. या कामात हातापेक्षा डोळे जास्त शिकतात. आधीच्या लेखनिकाने कुठे नुक्ता गाळला, कुठे शब्दच बदलला, हे पानोपानी समोर येतं. काही काळाने अस्करचा राग निवळला. त्याने पुन्हा भांडवल देऊन याकूतला कीशला पाठवलं. परत येऊन पाहतो तर अस्कर वारलेला. याकूतने मालकाच्या बायकोला आणि मुलांना त्यांचं समाधान होईल एवढं दिलं, आणि जे उरलं त्यावर स्वतःचा धंदा सुरू केला. धंदा पुस्तकांचा.

पुढची काही वर्षं तब्रीझ, मोसुल, सीरिया, इजिप्त अशी भटकंती झाली. भटकंतीत सगळंच भलं झालं असं नाही. हिजरी ६१३ मध्ये, म्हणजे १२१६ साली, तो दमास्कसच्या बाजारात एकाशी वादाला बसला. वाद हजरत अली यांच्याविषयी होता. खवारिज हा त्यांच्या विरोधातला एक जुना पंथ. त्या पंथाची पुस्तकं याकूतच्या वाचनात आली होती आणि त्यातलं काही डोक्यात राहिलं होतं. हजरत अलींबद्दल तो जे बोलला ते बोलायला नको होतं, यावर त्याचे जुने चरित्रकार एकमताचे आहेत. लोक भडकले, जिवावर उठले. त्याला शहर सोडून पळावं लागलं. हलब, मोसुल, इरबिल असं करत तो इराण ओलांडून खुरासानात पोचला. नीशापूरला राहिला आणि तिथून मर्वला आला.

मर्वच्या दिवसांबद्दल याकूतने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्या एरवीच्या कोरड्या नोंदींत हा भाग हिरवागार वाटतो. शहरात वक्फ केलेली, म्हणजे लोकांच्या उपयोगासाठी कायमची दान केलेली, दहा ग्रंथालयं होती. त्यांतल्या जामा मशिदीतल्या एकात सुमारे बारा हजार ग्रंथ होते. ते उभं करणारा माणूस आधी मर्वच्याच बाजारात फळं आणि सुवासिक पाला विकत बसायचा. नंतर सुलतान संजरच्या पदरी तो सरबतखान्याचा अधिकारी झाला आणि पैसा हाती येताच पुस्तकांचा वक्फ केला. दुसरं एक ग्रंथालय खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात होतं. तिथून नेलेले दोनशेहून जास्त ग्रंथ कायम याकूतच्या बिऱ्हाडी पडलेले असत, तेही बहुतेक काहीही तारण न ठेवता. त्यांची किंमत दोनशे दिनार भरली असती. परक्या गावचा, एकेकाळचा गुलाम, धंद्याने पुस्तकविक्या. त्याच्या घरी दोनशे ग्रंथ विश्वासावर पाठवणारं शहर कसं असेल, हे वेगळं सांगायला नको. इथे त्याला घरदार, मुलूख, सगळ्याचा विसर पडला. ग्रंथाचं बरंचसं सामान त्याने इथेच गोळा केलं. मरेपर्यंत मर्व सोडलं नसतं, असं तो म्हणतो. पण पूर्वेकडून तातार निघाले होते.

हिजरी ६१६ मध्ये, इसवी सन १२१९ला, तो उत्तरेला ख्वारज्मकडे गेला. अमू दर्या नदी थंडीत गोठायची आणि लोक तिच्यावरून गाड्या हाकायचे, असा तो मुलूख. ख्वारज्मची राजधानी पाहून तो थक्क झाला. तिच्याइतकं मोठं आणि संपन्न शहर त्याने पाहिलं नव्हतं. तिथले लोक शहराला आपल्या भाषेत गुरगांज म्हणत. अरबीत ग हा उच्चार नाही, म्हणून अरबांनी त्याचं जुरजानिया केलं. याकूतने दोन्ही नावं टिपली आणि कुठलं कुणाचं तेही लिहिलं. ख्वारज्म या नावाबद्दलची त्याची नोंद तर ऐकत बसावी अशी आहे. पहिल्या अक्षराचा स्वर धड अ नाही, धड उ नाही, दोहोंच्या मधला आहे. पुढचा आकार लिहिलेला दिसतो, पण तो पुरता उच्चारत नाहीत, चोरून घेतल्यासारखा घेतात. आणि तिथले लोक असंच बोलतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. हे पुस्तकातून सापडत नाही. बाजारात उभं राहून, नाव विचारून, माणसाच्या तोंडाकडे बघत राहिलं तरच सापडतं.

मंगोल फौजा आल्या तेव्हा याकूत जीव घेऊन पळाला. सन १२२०च्या सुमारास मोसुलला पोचला तेव्हा अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. १२२१ साली मर्व, नीशापूर, गुरगांज ही तिन्ही शहरं एकापाठोपाठ उद्ध्वस्त झाली. पुस्तकं तारण न घेता देणारं शहर ग्रंथालयांसकट गेलं. मोसुलहून त्याने हलबचा वजीर जमालुद्दीन अल-किफ्ती याला एक लांब पत्र लिहिलं. खुरासान कसा होता आणि त्याचं काय झालं, आपण कसे निसटलो, हे त्यात आहे. ते पत्र आजही उपलब्ध आहे. किफ्ती स्वतः मोठा पुस्तकवेडा होता. त्याने याकूतला आसरा दिला.

अशा रीतीने, ज्या शहरांची नावं बरोबर लावायला तो निघाला होता, त्यांतली कित्येक शहरंच राहिली नाहीत. ग्रंथात तो ख्वारज्मपाशी येतो, आपण पाहिलेलं वैभव सांगतो, आणि मग कानावर आलेली शहराच्या नाशाची खबर तिथेच लिहून पुढच्या नावाकडे वळतो. अक्षरानुक्रम ठरलेला, तेव्हा थांबायलाही जागा नाही.

ग्रंथाचं नाव मुअजमुल बुलदान. बुलदान म्हणजे देश, शहरं. मुअजम म्हणजे अक्षरांच्या क्रमाने लावलेला कोश. कच्चा मसुदा हिजरी ६२१च्या सफर महिन्यात, मार्च १२२४ मध्ये पुरा झाला. सुरुवातीला पृथ्वीचा आकार, सात पट्ट्यांत केलेली तिची विभागणी, कोस-फर्संग अशी अंतराची मापं, मुलूख तहाने मिळाला की लढून याचे कायदे, असं सगळं आहे. मग एकेक नाव. खुणा काढल्या तर पुढचा लेखनिक त्या गाळणार, हे नकला करून पोट भरलेल्या या माणसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने प्रत्येक नावाचा उच्चार शब्दांत लिहिला. पहिल्या अक्षराला अकार, दुसरं हलन्त, तिसऱ्याला उकार, शेवटी रे, अशी पद्धत. ही वाचायला कंटाळवाणी आहे. पण नुक्ता उडतो, खूण पुसते. उकार हा आख्खा शब्दच लिहिला तर तो चुकून गळत नाही. ही युक्ती काही त्याने शोधलेली नव्हे. हदीसचे विद्वान आणि कोशकार ती आधीपासून वापरत. एवढ्या मोठ्या जगाला, गावोगावी, चिकाटीने ती लावणं हे मात्र त्याचं काम.

आपल्या किनाऱ्याची एक नोंदही या ग्रंथात आहे. नाव आहे सैमूर. हे म्हणजे रायगड जिल्ह्यातलं चौल. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत याच गावाचं नाव चेमुल असं येतं. अरबीत च नाही. चीनला अरब सीन म्हणतात, त्याच वाटेने चेमुलचा च गेला आणि स आला. शेवटच्या लचा र झाला. सोपाऱ्याचं सुबारा झालं, ठाण्याचं ताना. याकूत सैमूरचा उच्चार अक्षरागणिक सांगतो, आणि काही जण सैमून असंही म्हणतात हे जोडतो. इथला राजा बलहरा, त्याची राजधानी मानकीर. राजा मुसलमान नाही, पण गावात मुसलमान राहतात, त्यांच्यावर अधिकारी नेमायचा तर राजा मुसलमानच नेमतो, आणि जुम्याच्या नमाजसाठी इथे जामा मशीद आहे, असं त्याने लिहिलं आहे. बलहरा म्हणजे वल्लभराज, हे राष्ट्रकूट राजांचं बिरुद. मानकीर म्हणजे मान्यखेट, कर्नाटकातलं आजचं मळखेड. अल-मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ला, स्वतः चौलला आला होता. त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं लिहिलं आहे.

इथे याकूतची मर्यादाही दिसते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याने लिहिलं तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य बुडून अडीचशे वर्षं होत आली होती. त्याच्या पानावर मात्र बलहरा अजून राज्य करतो आहे. सैमूर त्याने सिंधमधल्या देबल बंदराजवळ ठेवलं आहे, आणि देबल तर कराचीच्या बाजूला. जुन्या ग्रंथांतून उचललेली माहिती त्याने इमानाने उतरवली, पण ज्याचं नाव टिपायचं त्याच्याच तोंडून ते ऐकावं, हे जे ख्वारज्ममध्ये जमलं ते कोकणाबाबत जमणं शक्य नव्हतं. चेमुलच्या कोळ्याला किंवा वाण्याला कुणी त्याच्या गावाचं नाव विचारलं असतं, तर स आणि र दोन्ही गळून पडले असते. याकूतने शब्दांत बांधून पक्कं केलं ते नाव होतं, अरब खलाशांना जमलं तसं. खडकीची किरकी आणि वसईची बॅसीन करणाऱ्यांनीही पुढे तेच केलं. त्यांच्या हातात नकाशे आणि कचेऱ्या होत्या एवढाच फरक. अल-बेरुनी मात्र यात वेगळा. तो याकूतच्या दोनशे वर्षं आधी हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, आणि इथले उच्चार अरबी अक्षरांत उतरवताना जीव मेटाकुटीला येतो हे त्याने आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच कबूल केलं.

एकाच नावाची अनेक गावं, हा याकूतचा आणखी एक छंद. त्यावर त्याने वेगळा ग्रंथच लिहिला. तराबुलुस आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर आहे आणि लिबियातही. बसरा इराकात आहे, तसं एक मगरिबमध्ये, म्हणजे आजच्या मोरोक्कोतही होतं. रुसाफा बगदादला, सीरियात आणि स्पेनमधल्या कुर्तुब्यातही. माणूस रुसाफी म्हटला तर तो यातल्या नेमक्या कुठल्या गावचा? आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव किती, याची मोजदाद टपाल खात्यालाच ठाऊक. त्यावर उतारा म्हणून जे बुद्रुक आणि खुर्द आपण नावापुढे लावतो, ते फारसीतले बुजुर्ग आणि खुर्द, थोरलं आणि धाकटं. हा उपाय याकूतला नक्की आवडला असता.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने एक कळकळीची विनंती केली आहे. हा ग्रंथ कुणी संक्षिप्त करू नये. तसं करणं म्हणजे धडधाकट माणसाचे हातपाय तोडून त्याला लुळापांगळा करण्यासारखं आहे, असा त्याचा आशय. लोकांनी ते फार मनावर घेतलं नाही. पुढच्या शतकात सफीउद्दीन नावाच्या बगदादच्या एका विद्वानाने गोष्टी, कविता, माणसांची चरित्रं सगळी छाटून फक्त गावांचा आटोपशीर कोश केला. सोयीचा म्हणून तो चालला सुद्धा. मूळ ग्रंथही सुदैवाने टिकला. वुस्टेनफेल्ड या जर्मन विद्वानाने १८६६ ते १८७३ या काळात लाइपझिगला सहा खंडांत तो छापला. मंगोलांनी पुसलेल्या खुरासानातली गावं, मदरसे, तिथली विद्वान माणसं यांच्याविषयी काही शोधायचं झालं तर अभ्यासक आजही आधी याकूत उघडतात.

मसुदा झाल्यावर त्याची स्वच्छ प्रत हिजरी ६२५ मध्ये, म्हणजे १२२८ साली, किफ्तीच्या ग्रंथसंग्रहासाठी त्याने लिहायला घेतली. पुढच्याच वर्षी तो गेला. हिजरी ६२६, रमजानची २० तारीख. इंग्रजी महिना ऑगस्ट, सन १२२९. हलब शहराच्या वेशीबाहेरच्या एका खानमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सराईत, त्याने देह ठेवला. वय पन्नाशीचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावांचे पत्ते लिहिले, आणि शेवटचा मुक्काम सराईतच होता.

जवळची पुस्तकं त्याने बगदादच्या एका मशिदीला वक्फ केली होती. मशीद दर्ब दीनार या गल्लीतली, अज-जैदीची म्हणून ओळखली जाणारी. तो विकला गेला तेही बगदाद आणि अक्षर शिकला तेही बगदाद. मोठा इतिहासकार इब्नुल असीर याच्या स्वाधीन त्याने पुस्तकं केली होती, आणि त्याने ती तिथे पोचवली.

याकूत गेल्यानंतर महिनाभराने, जिलकाद महिना लागताना, अठरा वर्षांचा एक विद्यार्थी शिकण्यासाठी हलबमध्ये आला. पुढे इब्न खल्लिकान म्हणून तो नावाजला, आणि त्याच्या प्रसिद्ध चरित्रकोशात याकूतचं चरित्र आलं ते या ओळखीतून. शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी त्या पुस्तकविक्रेत्याचं कौतुक होतं, पण भेट व्हायची राहूनच गेली. त्याने आणखी एक गोष्ट नोंदली आहे. नाव झाल्यावर याकूतने माणकाचं ते गुलामी नाव टाकून स्वतःला याकूब म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती. अरबीत या दोन नावांच्या शेवटी फरक दिसतो तो नुक्त्यांचा, वर दोन की खाली एक. लोक मात्र त्याला याकूतच म्हणत राहिले.